पोवाड्यातला फरारी आणि त्याचा पश्चात्ताप



गेल्या हिवाळ्यात हाफ मून बीचवर आपला कौटुंबिक मेळावा झाला, त्यात मुलांनी उमाजी नाईकांचा पोवाडा सादर केला होता, हे आपल्याला आठवत असेल. डफ मिळाला नाही म्हणून पातेल्याचे झाकण वाजवले, तुणतुण्याचे काम एका बाबांनी कीबोर्डवर भागवले. फेटे मात्र अस्सल होते, कारण दोन वहिनींनी ते सुट्टीवरून येताना लोणच्याच्या बरण्यांभोवती गुंडाळून आणले होते. पोवाडा छान झाला. टाळ्या झाल्या, वड्यांची रांग लागली, आणि मागे उभे राहून 'जी जी' म्हणणारा तिसरीतला एक मुलगा माझ्याजवळ आला. म्हणाला, "काका, ते लोकांना लुटायचे ना? मग त्यांना नंतर सॉरी नाही वाटलं का?"

"आधी जेवून घे," असे सांगून मी वेळ मारून नेली. मी रसायनशास्त्रातला डॉक्टर, त्यामुळे न समजलेल्या प्रश्नावर "नमुना पुन्हा तपासावा लागेल" असे म्हणायची सवय आहे. पण हा प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. संपादक वहिनींनी लेख मागितला तेव्हा ठरवले, की त्या मुलाला उत्तर इथेच द्यावे. मी इतिहासकार नाही. जे वाचले आणि जे घरी ऐकले त्यावरून लिहितो आहे. चूकभूल द्यावी घ्यावी.

प्रश्नाला खरे तोंड फुटले ते जुबैलच्या रस्त्यावर. माझा एक सहकारी टेक्ससचा होता, आता निवृत्त होऊन परत गेला. कामानिमित्त आम्ही एका गाडीने जायचो, आणि जाऊन येऊन दोनशे किलोमीटर त्याची गाणी ऐकायचो. गिटार, संथ ताल, आणि गाणाऱ्याचा आवाज असा की जणू शेजारी बसून स्वतःची कर्मकहाणी सांगतो आहे. त्याला 'आउटलॉ कंट्री' म्हणतात, असे त्याने सांगितले. आउटलॉ म्हणजे कायद्याबाहेरचा, आपल्या भाषेत फरारी. 1970 च्या दशकात वेलन जेनिंग्ज, विली नेल्सन वगैरे मंडळींनी नॅशव्हिलच्या रेकॉर्ड कंपन्यांची शिस्त झुगारून आपल्या पद्धतीने गायला सुरुवात केली, त्यावरून हे नाव रूढ झाले. 1976 साली त्यांच्या गाण्यांचा 'वाँटेड! द आउटलॉज' हा संग्रह निघाला आणि दहा लाखांवर खपला. म्हणजे गाणारे काही खरोखर दरोडेखोर नव्हते. पण गाण्यांतली माणसे पुष्कळदा खुनी, चोर, तुरुंगातली असत.

आणि ही माणसे सतत पस्तावत असत! जॉनी कॅशच्या 1955 सालच्या फॉल्सम तुरुंगावरच्या गाण्यातला कैदी माणूस मारून आत बसला आहे. बाहेरून जाणाऱ्या आगगाडीचा आवाज ऐकून तो जळतो, आणि त्याला आठवतो तो आईने लहानपणी केलेला उपदेश. हेच गाणे कॅशने 1968 च्या जानेवारीत प्रत्यक्ष फॉल्सम तुरुंगात कैद्यांसमोर गायले. मर्ल हॅगार्डचे 'मामा ट्राइड' हे 1968 चे गाणे तर पूर्ण आईवरच आहे. हॅगार्ड स्वतः तरुणपणी घरफोडीपायी कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात होता. कॅश तिथे गायला आला तेव्हा हा कैद्यांच्या गर्दीत बसून ऐकत होता. लहानपणीच वडील गेले, आईने एकटीने वाढवले, तिने सगळे करून पाहिले तरी मुलगा वाया गेला, आणि त्यात तिचा दोष नाही, एवढेच ते गाणे सांगते. गाण्यातला माणूस जन्मठेप भोगतो. खरा हॅगार्ड 1960 साली सुटला आणि 1972 साली तिथल्या राज्यपालाने, म्हणजे रोनाल्ड रेगनने, त्याला पूर्ण माफी दिली.

मी सहकाऱ्याला म्हटले, "आमच्याकडेही दरोडेखोरांची गाणी आहेत, पण ते कधी रडत नाहीत." तो म्हणाला, "मग ते गाणं त्यांचं नाही, दुसऱ्या कुणाचं तरी आहे."

या एका वाक्यावर मी बरेच दिवस विचार केला. ते खरे आहे. पोवाडा हे 'त्याचे' गाणे आहे, 'माझे' नाही. शाहीर उभा राहतो, डफावर थाप मारतो आणि तिसऱ्याच माणसाची थोरवी सांगतो. पवाडा या जुन्या शब्दाचा अर्थच मुळी पराक्रम, कीर्ती. अफझलखानाच्या वधाचा अज्ञानदासाचा पोवाडा काय, किंवा सिंहगडाचा तुळशीदासाचा काय, वीर आत काय सोसतो हे सांगणे शाहिराचे काम नव्हतेच. हे जुने पोवाडे गोंधळी आणि शाहिरांच्या तोंडून उतरवून हॅरी अ‍ॅकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी 1891 साली पुस्तकरूपाने छापले. हे तेच अ‍ॅकवर्थ, ज्यांच्या नावाचे कुष्ठरोग्यांचे रुग्णालय मुंबईत वडाळ्याला आहे. शिवकाळ, पेशवाई, पानिपत, खर्डा असा सारा मोठा इतिहास त्या संग्रहात आहे. उमाजी नाईकांसारखे कंपनी सरकारच्या दप्तरातले 'दरोडेखोर' पोवाड्यात मानाने येऊन बसले ते मुख्यतः पुढच्या काळात, स्वातंत्र्याची चळवळ आणि तमाशाचा फड यांच्याबरोबर.

इंग्रजी गाण्यांची वाट वेगळी होती. इंग्लंडात फाशीच्या दिवशी वधस्तंभाखाली जमलेल्या गर्दीत छापील कागद विकले जात. त्यावर फाशी जाणाऱ्याच्या तोंडी घातलेले गाणे असे : मी अमुक गावचा, आईबापांचे ऐकले नाही, वाईट संगत धरली, आता तुम्ही तरी शहाणे व्हा. बिचाऱ्या कैद्याने ते रचलेले नसेच, बहुधा छापखानेवाल्याचा कवी ते रचायचा. पण 'मी'च्या तोंडून पापाची कबुली देण्याची रीत त्यातून पक्की झाली. ती समुद्र ओलांडून अमेरिकेत गेली आणि तिथल्या डोंगराळ मुलखातून पुढे रेडिओवर आणि रेकॉर्डवर आली. टेक्ससच्या माझ्या मित्राच्या गाडीत वाजत होते ते त्या फाशीच्या कागदाचेच पणतू म्हणायचे.

आता आपल्या फरारी मंडळींकडे पाहू.

उमाजी नाईक पुरंदरच्या पायथ्याच्या भिवडी गावचे, रामोशी समाजातले, जन्म 1791. गड राखणे हा त्या समाजाचा पिढीजात हक्क होता. राज्य बदलले तसा हक्क गेला आणि हक्काबरोबर भाकरीही. मग लूट, बंड, डोंगरातली वर्षे, डोक्यावर लावलेले इनाम. अखेर जवळच्या माणसांच्या फितुरीने 1831 च्या डिसेंबरात ते पकडले गेले आणि 3 फेब्रुवारी 1832 रोजी पुण्यात त्यांना फाशी झाली. त्यांच्या पाठलागावर असलेल्या कॅप्टन मॅकिंटॉशने पुढच्याच वर्षी रामोशांवर आणि उमाजींवर एक पुस्तक छापले. म्हणजे पकडणाऱ्यानेच चरित्र लिहिले. ज्याला पकडले त्याचा स्वतःचा शब्द आपल्यापर्यंत फारसा आलेला नाही. आणि ज्याने पकडून दिले, त्याला पुढची वर्षे झोप लागली का? इंग्रजीत त्यावरही गाणे आहे. टाउन्स व्हॅन झँटचे 1972 सालचे 'पाँचो अँड लेफ्टी'. पाँचो हा दरोडेखोर मारला जातो आणि त्याचा जोडीदार लेफ्टी, ज्याने बहुधा त्याला विकले, तो दूरच्या थंड शहरात एका स्वस्त हॉटेलात म्हातारा होत राहतो. नेल्सन आणि हॅगार्ड यांनी 1983 साली ते एकत्र गायले आणि घरोघर पोचवले. आपल्या पोवाड्यात फितूर येतो तो फक्त शिव्या खायला. त्याच्या म्हाताऱ्या वयात कुणी डोकावत नाही.

राघोजी भांगरे हे अकोले तालुक्यातले, महादेव कोळी समाजाचे. सावकारांच्या खतपत्रांवर आणि कधी कधी सावकारांच्या नाकांवरही त्यांच्या टोळीचा राग निघत असे. 1848 च्या जानेवारीत ते वेश पालटून पंढरपुरात असताना पकडले गेले, आणि त्याच वर्षी 2 मे रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. आता पाहा, सगळा मुलूख मागावर असताना माणूस पंढरपुरात जातो. नुसते लपायलाच गेला असेल का? विठ्ठलासमोर उभे राहून त्याने काय म्हटले असेल? इंग्रजी गाणाऱ्याने या एका प्रसंगावर अख्खे गाणे रचले असते. आपण मात्र पकडले गेल्याची तारीख तेवढी ठेवली आहे.

मग मराठी माणसाला पश्चात्तापाचे गाणे येत नाही का? भरपूर येते, पण ते दुसऱ्या दालनात ठेवलेले आहे. संतांच्या अभंगांत 'मी' आहे, 'पतित' आहे, देवापुढची कबुली आहे. कीर्तनात वाल्या कोळ्याची गोष्ट आहे, जी प्रत्येकाने आजीच्या मांडीवर ऐकली. वाल्या वाटमारी करतो. नारद भेटतात आणि विचारतात, हे कोणासाठी? तो म्हणतो, बायकामुलांसाठी. मग त्यांना विचारून ये, तुझ्या पापात ती वाटेकरी होतील का. वाल्या घरी जातो, आणि घरची माणसे म्हणतात, आम्हाला पोसणे तुझे कर्तव्य, पाप तुझे तू बघ. तिथे वाल्याचा वाल्मीकी व्हायला सुरुवात होते. नीट पाहिले तर त्याला उपरती होते ती राजाच्या शिक्षेने नाही, स्वतःच्या घरात ऐकलेल्या उत्तराने.

प्रयोगशाळेत एखादे मिश्रण उकळले की हलके ते आधी वर जाते आणि जड ते तळाशी राहते. दोन्ही एकाच चंबूत होती, हे विसरून चालत नाही. आपण शौर्य पोवाड्याला दिले आणि पस्तावा कीर्तनाला. माणूस मात्र एकच होता.

ही दोन्ही दालने एकाच आयुष्यात पाहायची असतील तर माझ्या गावाकडे, वाळवा तालुक्यात यावे लागेल. बोरगावचे बापू बिरू वाटेगावकर हे कृष्णाकाठचे फरारी. गावगुंडांचे खून त्यांच्या नावावर होते, आणि गोरगरिबांचा, विशेषतः बायाबापड्यांचा कैवारी अशी लोकांत ख्याती होती. वर्षानुवर्षे ते पोलिसांना हुलकावणी देत राहिले. त्यांच्यावर गाणी झाली, वग झाले, कॅसेटी निघाल्या, सिनेमाही आला. आणि तेच बापू पुढे शिक्षा भोगून बाहेर आल्यावर गळ्यात माळ घालून प्रवचने करत फिरले. जानेवारी 2018 मध्ये ते वारले. कॅसेटीत बंदूक होती, माळ नव्हती.

त्याच तालुक्यातले वाटेगाव हे अण्णाभाऊ साठे यांचे गाव. त्यांची 'फकिरा' कादंबरी 1959 साली आली आणि 1961 साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या माणसांसाठी फकिरा सरकारी खजिना फोडतो. लुटीबद्दल त्याला तिळभर पस्तावा नाही. पण सरकार त्याच्या माणसांना धरते, त्यांचे हाल करते, तेव्हा ज्याला बंदूक वाकवू शकली नाही तो आपणहून हजर होतो. अण्णाभाऊ स्वतः शाहीर होते. अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक गाजवले. पोवाडा काय सांगू शकतो आणि काय नाही, हे त्यांना पक्के ठाऊक असणार. म्हणूनच की काय, फकिराची ही घालमेल त्यांनी कादंबरीत लिहिली.

इथे एक गोष्ट मुलांनाही सांगायला हवी. कोणी पस्तावायचे, हा प्रश्न आपल्याकडे सरळ नाही. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. 1911 नंतर मुंबई इलाख्यातही त्याची अंमलबजावणी झाली. हजेऱ्या, तारेच्या कुंपणातल्या वसाहती, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही, हे सारे त्यातून आले. तो कायदा 1952 साली रद्द झाला, पण शिक्का पुसायला फार वेळ लागला. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन 1987 साली आले आणि पुढच्या वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवून गेले. त्यात शेवटी तो 'मी' आहे, जो पोवाड्यात नव्हता. पोटासाठी चोरी शिकवली जाते, मार सहन करायलाही शिकवले जाते. ते वाचून शरम वाटते ती वाचणाऱ्याला. 'सॉरी' म्हणायची पाळी बहुधा आपली आहे, असे वाटून जाते.

आता ज्यांच्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या माणसाकडे येतो. वासुदेव बळवंत फडके. सर्वांना शाळेत एक धडा म्हणून माहीत असलेले. पण ते आपले शेजारी आहेत, हे मला इथे आल्यावर कळले. 17 फेब्रुवारी 1883 रोजी त्यांचा मृत्यू झाला तो एडनच्या तुरुंगात. एडन त्या वेळी मुंबई इलाख्यात मोडत असे, म्हणून पुण्याचा कैदी तिथे. दम्मामपासून दीड हजार किलोमीटरहून थोडे अधिक अंतर, पण भूमी तीच, वाळू तीच, उन्हाळाही तसाच.

फडके 1845 साली पनवेलजवळच्या शिरढोणला जन्मले. पुण्यात लष्करी हिशेबाच्या कचेरीत नोकरीला होते. म्हणजे आपल्यासारखेच, गाव सोडून पगारासाठी दुसरीकडे आलेले. आई आजारी असल्याचे कळले, रजेचा अर्ज केला, रजा मिळेना. शेवटी ते निघाले आणि पोहोचले तेव्हा आई गेलेली होती. वर्षश्राद्धासाठी पुन्हा रजा मागितली, तीही नाकारली गेली. त्यांच्या चरित्रांत त्यांच्या संतापाचा आरंभ इथून सांगितलेला असतो. पुढे 1876 ते 1878 चा भीषण दुष्काळ आला. तो त्यांनी फिरून पाहिला. शिकलेल्या लोकांना हाक दिली, फारसे कोणी आले नाही. मग रामोशांना जमवले आणि फेब्रुवारी 1879 मध्ये शिरूर तालुक्यातल्या धामारीवर दरोडा घातला. सरकारी भाषेत ते दरोडेखोर झाले. मे महिन्यात त्यांचा उजवा हात असलेले दौलतराव नाईक चकमकीत पडले. 20 जुलै 1879 रोजी विजापूरकडच्या देवर नावदगी गावात मेजर डॅनियलने फडक्यांना झोपेत पकडले. पुण्याच्या खटल्यात सार्वजनिक काका आणि महादेव चिमणाजी आपटे यांनी त्यांची बाजू मांडली. जन्मठेप झाली आणि 1880 च्या जानेवारीत त्यांना एडनला धाडण्यात आले. तिथून एकदा ते तुरुंगाचे दार बिजागरीतून उखडून पळालेही. पण या वाळवंटात पळून जाणार कुठे? पुन्हा पकडले गेले.

फडके हे आपल्याकडचे असे बंडवाले, की ज्यांनी आपली हकिकत स्वतः लिहिली. 1879 च्या एप्रिलमध्ये, सगळे फसत चालले असताना, ते श्रीशैल मल्लिकार्जुनाच्या देवळात गेले, देह देवाला अर्पण करावा या विचाराने. तिथे त्यांनी आत्मचरित्र लिहिले. ते आणि त्यांची रोजनिशी पुढे पोलिसांच्या हाती लागली आणि खटल्यात त्यांच्याच विरुद्ध पुरावा झाली. या लिखाणात खंत आहे. मिळालेली माणसे लुटीच्या वाट्यावर डोळा ठेवणारी निघाली, हाती घेतलेले तडीस गेले नाही, आपल्या लोकांच्या उपयोगी पडता आले नाही, अशी ती खंत. कायदा मोडल्याचा पस्तावा त्यात शोधून सापडणार नाही.

त्यांच्या दुसऱ्या पत्नी गोपिकाबाई. फडक्यांनी त्यांना लिहायला वाचायला शिकवले, हत्यार चालवायलाही शिकवले. पण बंडात उतरताना त्यांना माहेरी ठेवून ते गेले. त्यांनी पुढची कित्येक दशके एकटीने काढली. त्यांच्यावर पोवाडा नाही.

हे सगळे एकत्र मांडल्यावर मला त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर दिसू लागले. कॅशच्या कैद्याला आई आठवते, हॅगार्डला आई आठवते. पाँचोच्या गाण्यातही त्याची आई रडते. वाल्या घरी विचारायला जातो. फकिरा आपल्या माणसांसाठी हजर होतो. फडक्यांना देशबांधवांपुढे कमी पडल्याचे दुःख आहे, आणि त्याही मागे एक न पोहोचलेला मुलगा आहे. कायद्याची माफी यातला कोणीच मनापासून मागत नाही. टोचणी लागते ती मागे राहिलेल्या माणसांची.

आणि मग प्रश्न माझ्याकडे वळला. बापू बिरूंची कॅसेट मी पहिल्यांदा ऐकली ती आजोबांबरोबर, ओट्यावर बसून. त्यांना अख्खा वग पाठ होता. कॅसेट अडकली की पेन्सिल घालून फिरवायचे काम माझे, आणि तोवरचा भाग स्वतः गाऊन भरून काढायचे काम त्यांचे. मी पीएचडी करून इकडे आलो तेव्हा ती कॅसेट त्यांनी माझ्या बॅगेत टाकली. फेब्रुवारी 2020 मध्ये घरून फोन आला, आजोबांची तब्येत बरी नाही, जमल्यास येऊन जा. माझी रजा शिल्लक होती. कोणी अडवले नव्हते. पण प्रयोगशाळेची तपासणी व्हायची होती, आणि मी म्हटले, एप्रिलमध्ये येतो, म्हणजे निवांत राहता येईल. मार्चमध्ये विमाने बंद झाली. मेमध्ये आजोबा गेले. चुलतभावाने फोन हातात धरून मला सगळे दाखवले. इथे मी खुर्चीवर बसून पाहत होतो, आणि मध्येच चित्र थांबले तेव्हा फोनच्या पडद्यावर बोट फिरवत राहिलो.

फडक्यांना रजा नाकारली गेली, त्यांना रागवायला एक सरकार होते. मला रागवायला कोणीच नव्हते. माझ्या रजेचा अर्ज मीच नामंजूर केला होता. यात गुन्हा काहीच नाही, हे मला कळते. पण टेक्ससच्या मित्राची गाणी मला त्यानंतर वेगळी ऐकू येऊ लागली. आपल्यापैकी बऱ्याच घरांत असा एखादा फोन येऊन गेला आहे. कोणाच्या घरी आईचा, कोणाच्या घरी भावाचा. मेळाव्यात आपण त्याविषयी बोलत नाही. 'काय करणार, नोकरी आहे,' म्हणतो आणि पुढच्या वाढपाला लागतो. आपल्या बोलण्यातही पोवाडाच जास्त आहे. घर बांधले, मुले शिकली, बहिणीचे लग्न केले. ते खरेच आहे, आणि कमी नाही. अण्णाभाऊंनी मुंबईला आलेल्या गड्याच्या तोंडी 'माझी मैना गावावर राहिली' ही लावणी दिली, तेव्हा दुसरी बाजूही गाता येते हे त्यांनी दाखवले होते. पराक्रम नाही, फितुरी नाही, नुसता एक माणूस आणि गावी राहिलेले त्याचे माणूस.

वाल्याच्या घरच्यांनी पापाचा वाटा घ्यायला नकार दिला. आपल्या घरच्यांचे मी उलटे पाहिले आहे. आजोबा गेल्यावर पंधरा दिवसांनी आजीचा फोन आला. मी माफी मागायच्या तयारीने बसलो होतो. ती म्हणाली, "ते सारखे म्हणायचे, पोराला सांगू नका, उगाच धावत येईल. तू जेवतोस ना वेळेवर?" तिने माझा वाटा न मागता स्वतःकडे घेतला. त्याने ओझे हलके झाले असे नाही, पण आता ते दोघांत आहे.

तर तिसरीतल्या माझ्या छोट्या शाहिरा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे. उमाजी नाईकांना काय वाटले ते त्यांनी लिहून ठेवलेले नाही, त्यामुळे त्यांच्या वतीने मी बोलणार नाही. पण त्यांच्यासारख्या इतरांकडे पाहता वाटते, की वाटले असेल, मात्र ज्यांना लुटले त्यांच्यापेक्षा घरी वाट पाहणाऱ्यांविषयी जास्त. तुम्ही पोवाडा गायलात तसाच गात राहा, जोरात गा. फक्त पुढच्या वेळी शेवटी दोन ओळी स्वतः रचून घाला, उमाजी नाईकांच्या घरच्यांच्या बाजूने. ताल चुकला तरी चालेल. पातेल्याचे झाकण मी धरीन.

मोठ्यांना एक विनंती. कोणाकडे जुन्या पोवाड्यांच्या किंवा वगांच्या कॅसेटी असतील तर मेळाव्याला घेऊन याव्यात. चालणारा टेपरेकॉर्डर माझ्याकडे आहे. मी त्या संगणकावर उतरवून प्रत्येकाला एक प्रत देईन आणि कॅसेट जशीच्या तशी परत करीन. आजोबांची कॅसेट उतरवून झाली आहे. मधला तुटलेला भाग तसाच ठेवला आहे.